पैलवान त्या दिवशी खेळणार नव्हता

अण्णा,

फायनल होऊन नऊ दिवस झाले आणि डबा लीगचा निकाल मी अजून लावलेला नाही. कॅन्टीनच्या भिंतीवरचा तक्ता तसाच आहे, शेवटचा रकाना कोरा. माणसं चहा घ्यायला येतात, तक्त्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि कप उचलून जातात. विचारत कुणी नाही. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "काय बीएस्सी, बेरीज येईना व्हय?"

बेरीज येते अण्णा. दोन येतात, हीच अडचण आहे. एका बेरजेत तुम्ही पहिले, दुसऱ्या बेरजेत मी. आणि दोन बेरजा झाल्या त्या माझ्यामुळे. म्हणून आधी तुमच्याशी बोलते.

हे दुसरेही कुणी वाचतील, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेलं थोडं सांगावं लागेल. हसू नका.

मी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघायला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सांगोल्याकडच्या आमच्या घरात पदवी घेतलेलं मी पहिलं माणूस. बी.एस्सी., संख्याशास्त्र. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे आणि आजही सांगते, त्यात मला लाज वाटत नाही. पहिल्याच महिन्यात मी कोणत्या मागावर किती खराब माल निघतो याचा आलेख काढून भिंतीवर चिकटवला. तुम्ही जॉबर, तीस वर्षं मागांची दुरुस्ती केलेले. हात पुसत आलात, आलेख वरपासून खालपर्यंत बघितलात आणि म्हणालात, "म्याडम, चित्र झकास काढलंय तुमी. पण हा बारा नंबरचा माग बिगडलेला न्हाय. बिगडलाय तो चालवणारा. बायको माहेरी गेलीया त्याची."

मी म्हणाले, "हे आकड्यांत कुठे दिसतंय?"

"आकड्यात न्हाय. मागाच्या आवाजात हाय. थांबून थांबून चालीवतोय की. दोन दिस द्या."

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली आणि बारा नंबर सुधारला. मला भयंकर राग आला होता. त्या दिवसापासून तुम्ही मला बीएस्सी म्हणायला लागलात. आधी चिडवायला, नंतर सवयीनं. आणि 'म्याडम, तुमी' जाऊन 'तू' कधी झालं, ते मला आठवत नाही.

डबा लीग पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाली, डबा खाताना, म्हणून ते नाव. मोबाइलवरचं ॲप नको, आपलं आपण खेळायचं, असं तुम्हीच म्हणालात. आपण सहा जण. टी-ट्वेंटीचा सीझन सुरू व्हायच्या आधी चिठ्ठ्या टाकून पाळीपाळीनं खेळाडू निवडायचे, प्रत्येकी पंधरा. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. रोज टॉसच्या आधी त्यातले अकरा आणि त्यांच्यातला एक कॅप्टन सांगायचा. रन, विकेट, कॅच यांना गुण, कॅप्टनला दुप्पट. गुण मी मांडायचे, कारण बीएस्सी मीच.

पण लीगचा जीव होता तुमचा नियम. पहिल्याच वर्षी एकाची टीम त्याचा मेहुणा पाठवतो, असं निघालं. तुम्ही ठरवलंत, टीम आपल्या तोंडानं सांगायची. ग्रुपवर स्वतःचा आवाज टाकायचा. एकदा सांगितलं की सांगितलं, टॉसनंतर बदल नाही, रडारड नाही. आणि ज्याचा आवाज आला नाही त्याची आधी सांगितलेली टीमच धरायची. तुम्हाला मराठी टाइप करता येत नव्हतं म्हणून हा नियम काढला, असं टेम्पोवाले इक्बालभाई म्हणायचे. असेल. पण त्यामुळे रोज संध्याकाळी सहा माणसांचे आवाज यायचे, कुणाच्या मागं कुकरची शिट्टी, कुणाच्या मागं हायवेवरचा हॉर्न. तुमच्या मागं काकू तेलुगूत काहीतरी ओरडत असायच्या.

खेळाडूंना तुम्ही नावं ठेवलीत ती आता आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. तुमचा तो देखणा ओपनर, 'जावई'. का, तर येतो ऐटीत, सगळे कौतुक करतात आणि जेवण व्हायच्या आत उठून जातो. माझा डावखुरा फिरकीवाला, 'गुरुजी'. माझा ऑलराउंडर, 'पैलवान'. मी गेल्या तीन वर्षांची सरासरी काढून कॅप्टन निवडायचे. तुम्ही त्या माणसाचं चालणं बघून.

"खांदा बघ त्याचा. आज टाकणार न्हाय चांगलं."

"अण्णा, या मैदानावर त्याच्या अकरा विकेट आहेत."

"त्या त्यानं घेतल्यात. ह्या खांद्यानं कुटं घेतल्यात?"

चार सीझनमध्ये मी दोनदा जिंकले. तुम्ही एकदाही नाही. तीनदा दुसरे आलात. म्हणून तुमचा डोळा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तुम्ही जावयाला सोडायचा नाहीत, तो चार सामने लागोपाठ शून्यावर गेला तरी. "घरचा माणूस हाय," म्हणायचात. हा वाद आपला कधी मिटला नाही. मी आजही म्हणते, जावयाच्या पायी तुम्ही दोन सीझन घालवलेत.

या वर्षी मात्र तुम्ही सुसाट सुटला होतात. आजारपणानं कामावर येणं बंद झालं होतं. दिवसभर घरी पडून मोबाइलवर बातम्या ऐकायचात, कोण सराव करतोय, कोण लंगडतोय. शेवटचे तीन आठवडे उरले तेव्हा तुम्ही पहिले होता आणि मी चौदा गुणांनी मागे. त्याच आठवड्यात इक्बालभाईंनी मला गेटवर थांबवलं.

"डॉक्टर ने घर लेके जाव बोला उन को. अब जास्ती दिन नै, बोलते."

मी ऑफिसात जाऊन बसले. संध्याकाळी चेन्नईत सामना होता, फिरकीला साथ देणारी खेळपट्टी. असल्या दिवशी मी डोळे मिटून गुरुजींना कॅप्टन करते, हे कॅन्टीनवाल्यालासुद्धा माहीत आहे. पैलवानाच्या मांडीचा स्नायू दुखावलाय, तो खेळणार नाही, ही बातमी दुपारपासून सगळीकडे होती. मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "कॅप्टन पैलवान."

गुरुजींनी त्या दिवशी पाच विकेट काढल्या. चौऱ्याहत्तर गुण. कॅप्टन असते तर आणखी चौऱ्याहत्तर. त्या दिवशी तुमचीही माणसं चालली; गुरुजी कॅप्टन असते तर आपली बरोबरी झाली असती. चौदाचा फरक अठ्ठ्याऐंशीचा झाला. ग्रुपवर मला सगळ्यांनी धुतलं. मी लिहिलं, बातमी बघायची राहिली. आणि खरं सांगते अण्णा, मला बरं वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं केलं, कुणाला न सांगता केलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तुमचा फोन. "घरी ये." एवढंच.

शहराच्या पूर्व भागातल्या तुमच्या त्या खोलीत तुम्ही भिंतीला उशी लावून बसला होतात. इतके बारीक झाला होतात की शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटत होता. काकूंनी पाणी दिलं. तुम्ही त्यांना आत जायची खूण केलीत.

"पैलवान खेळणार न्हाय हे तुला ठावं होतं का न्हवतं?"

"बघायचं राहिलं अण्णा."

"बीएस्सी. मागाजवळ उभं राहून मला खोटं ऐकू येतंय. तू तर माझ्या म्होरं बसलीस."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तेवढा दम तुमच्यात नव्हताही. म्हणालात, "तूच सांगितलंवतंस ना मला, त्या परीक्षेचं?"

सांगितलं होतं. एकदा जेवताना, मोठ्या अभिमानानं. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझं गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, मी मेंढरं म्हटल्यावर "बरं बरं, जा, पास केलं" म्हणाले. मी उठले नाही. म्हणाले, "सर, बाकीच्यांना विचारले ते प्रश्न मला विचारा." त्यांनी सात विचारले. दोन चुकले, पाच आले. ते पाच माझे आहेत, असं मी तुम्हाला म्हणाले होते.

"मग मला का उठवलंस?" तुम्ही विचारलंत. "प्रश्न न विचारता पास म्हणून?"

माया होती, एवढं म्हणता येईल. पण त्या सरांचीही मायाच होती की.

तुम्ही म्हणालात, "ते चौऱ्याहत्तर तुझ्यात धर. गुरुजी कॅप्टन असल्यागत मांड."

मी म्हणाले, "नाही धरता येत. तोंडानं सांगितलं ते सांगितलं. नियम तुमचाच आहे."

"मनातलं सांगितलं तर नियम. हे मनातलं न्हवतं."

"मग उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, माझ्या मनात दुसरं होतं. तेव्हा काय करू?"

तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. म्हणालात, "जा. कामाला उशीर होईल तुला."

त्यानंतर दोन आठवडे तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. ग्रुपवर टीम यायची, रोज वेळेवर, आवाज रोज थोडा खाली गेलेला. मी विचारलेल्या कशालाही उत्तर नाही. मी सगळं लावून खेळत होते. आता एकसुद्धा गुण सोडायचा नाही, असं ठरवूनच. अठ्ठ्याऐंशीचे फायनलपर्यंत एक्कावन्न झाले. तेवढीच माफी मला मागता येत होती.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारची तुमची टीम ऐकून ग्रुप चक्रावला. तुम्ही सांगितलंत, "कॅप्टन जावई." बुधवारी जावयाची टीम खेळतच नव्हती. ती आदल्याच दिवशी फायनलला पोचून मोकळी झाली होती. तुम्ही सांगितलेल्या अकरांतले आठ जण असेच, त्या दिवशी घरी बसलेले. इक्बालभाईंनी मला फोन केला. "अण्णा का दिमाग ठिकाने पे नै रहा अब." मलाही तसंच वाटलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तुम्हाला बुधवारचे गुण मांडले. नऊ.

गुरुवारी मी न बोलावता घरी आले. तुम्ही आडवे होतात, डोळे मिटून. मी खुर्चीवर बसले. काकू वाटीतून काहीतरी भरवायचा प्रयत्न करत होत्या. बऱ्याच वेळानं तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "फायनलला कॅप्टन कोण तुझा?"

मी सवयीनं म्हणाले, "सांगत नसते."

"हां," म्हणालात. तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की वाटीतलं नको होतं म्हणून, ते मी ठरवलेलं नाही. मला त्यावर बेरीज करायची नाही. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. चूक झाली, असं म्हणायला मी आले होते, आणि ते राहिलं.

शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

स्मशानातून परत येताना इक्बालभाईंच्या टेम्पोत मी पुढं बसले होते. अशोक चौकाच्या सिग्नलला मला एकदम कळलं. मी मोबाइल काढून तुमची बुधवारची टीम परत ऐकली. अकरांतले आठ नुसतेच घरी बसलेले नव्हते अण्णा. त्यातले सात फायनलला पोचलेल्या टीमचे होते आणि आठवा शुक्रवारचा सामना जिंकला तर पोचणार होता. आवाज आला नाही तर आधी सांगितलेली टीम धरायची. रविवारी आवाज येणार नाही, हे तुम्हाला बुधवारीच माहीत होतं. बुधवारवर पाणी सोडून तुम्ही फायनलची टीम लावून ठेवली होती. डोकं अगदी ठिकाणावर होतं. गुरुवारी मला कॅप्टन विचारलात, तेव्हा तुमचा कधीच सांगून झाला होता.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर ठरलं, फायनल मोजायची नाही, अण्णांना पहिलं जाहीर करायचं आणि तक्त्याला हार घालायचा. चौघांनी हो म्हटलं. मी नाही म्हटलं. म्हटलं, अण्णांनी टीम लावलीय, ती खेळणार. इक्बालभाई माझ्यावर पहिल्यांदा चिडले.

"माणूस गया, और तेरेकू जीतने का पडा है क्या?"

मग मी आवाज टाकला. पैलवानाचं सगळं सांगितलं. मुद्दाम केलं, का केलं, तुम्ही कसं ओळखलंत आणि काय मागितलंत. सहा मिनिटं बोलले.

रविवारी जावई टिकला. अण्णा, जावई जेवून उठला! एकोणीस ओव्हर खेळला. तुम्ही तो बघायला हवा होता. मी एकटी खोलीवर ओरडत होते, आणि प्रत्येक चौकार माझ्या विरुद्ध जात होता. त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा बारा गुण जास्त काढलेत.

तर या दोन बेरजा. तुमच्या नियमानं तुम्ही त्रेसष्ट गुणांनी पहिले. तुमच्या मागण्यानं, म्हणजे ते चौऱ्याहत्तर माझ्यात धरून, मी अकरा गुणांनी पहिली आणि तुम्ही दुसरे. इक्बालभाई म्हणतात, "रूल अण्णा का ही है, रूल से चल. हौ, उनो बोले होंगे गुस्से में. बीमार आदमी था." ऐकायला ते बरोबर वाटतं. तुमच्यासमोर मीच ते मांडलं होतं, तुमच्यापेक्षा चांगलं मांडलं होतं. नियमाच्या वादात मी जिंकले, हे तुम्हालाही मान्य असेल. पण तुम्ही नियमाबद्दल बोलतच नव्हता. मी नऊ दिवस फक्त यावर विचार केला. कॉलेजनं मला बेरीज तपासायला शिकवलं. कुणाची बेरीज करतोय ते तुम्ही बघायला लावलंत, आणि तेही मी नको म्हणत असताना.

काल तुमच्या घरी गेले. काकू भेटायला आलेल्या बायकांत बसल्या होत्या. जी ती तुमच्याबद्दल काही ना काही सांगत होती, देवमाणूस होते, कुणाला कधी दुखावलं नाही. काकू मान हलवत होत्या. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "ते तुमचं क्रिकेट झालं का? कोण आलं पयलं?"

बोलायच्या आधी मला तुमची ती दोन आठवड्यांची अबोल्याची शिक्षा आठवली. इतक्या बायकांसमोर, दुःख अजून ओलं असलेल्या घरात, पहिले अण्णा असं म्हणणं किती सोपं होतं. कुणाचं काय बिघडलं असतं?

"मी," म्हणाले. "अकरा गुणांनी."

"आणि ह्ये?"

"दुसरे."

"परत?"

"परत, काकू."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. मग हात बाजूला केला तर त्या हसत होत्या, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायका बघत राहिल्या.

"अगं, इतके दिस झाले," त्या म्हणाल्या, "जो येतोय त्यो ह्यांना देव करून जातोय. मला वळखूच येईनात. हरायचे की गं ते! हरायचे आणि मग रात्रीचं जेवायचे न्हाईत." माझा हात त्यांनी घट्ट धरला. "सांग. पयल्यापासनं सांग. कुटं चुकले?"

मी मांडी घालून बसले आणि त्यांना पहिल्या सामन्यापासून सांगायला लागले.